रंगाखालचा गंज

अष्टमी, रोहा
रविवार, ७ जानेवारी २०२४

चि. अमोल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी गडबला बाबांकडेच होते. नमिताने स्पीकर लावला. तू म्हणालास बरं आहे, आम्ही म्हणालो बरं आहे, तेवढ्यात तुझ्यामागे कुणीतरी खाकरलं आणि तू फोन ठेवलास. रिगच्या ऑफिसात रांगेत उभं राहून तू याहून जास्त काय बोलणार? म्हणून हे पत्र. कासूचा रघू शनिवारी घरी येतो आणि सोमवारी परत मुंबईला हेलिकॉप्टरच्या तळावर कामाला जातो. त्याच्याकडे देते, मंगळवारच्या फेरीत तुझ्या हातात पडेल. मोबाइलवर एवढं लिहायचं म्हणजे माझा अंगठा दुखतो.

बाबा आहेत तसेच आहेत. कानाशी ओरडलं तर ऐकू येतं, पण ओरडणाऱ्याचा जीव जातो. त्यांना अजून वाटतं तू बोटीवर आहेस. मी सांगते, बोट नाही, समुद्राच्या तळावर तीन पाय रोवून उभा असलेला लोखंडाचा कारखाना आहे, तिथून तेलासाठी विहीर खोदतात. ते मान हलवतात आणि विचारतात, बोट कधी लागते? सासऱ्यांना उठवून बसवून नमिताची कंबर धरली आहे. मी रविवारी जाऊन तिला एक दिवस मोकळी करते, आणि सोमवारी कारखान्यात उभ्या उभ्या डुलक्या काढते.

आमच्या रंगाच्या प्रयोगशाळेत नवीन काही नाही. रंगवलेले पत्र्याचे नमुने पेटीत ठेवायचे, त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि कुठे गंज येतो ते आठवडेच्या आठवडे बघायचं. नवीन मुलींना मी सांगते, माझ्या बापाने मिठागरात जन्मभर मीठ पिकवलं, मी ते पगार घेऊन फवारते आणि माझा भाऊ भर समुद्रात ते धुऊन काढतो. त्या हसतात. मला आता हसू येत नाही, चोपन्न वर्षांची झाले.

तुझे अठ्ठावीस दिवस परवा संपतात ना? की याही वेळी पुढे ढकललं? गुडघ्याला तेल लाव. नमिताला लिही, नुसतं बरं आहे म्हणू नकोस.

माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
तुझी ताई, सगुणा


रिगवरून, अरबी समुद्र
सोमवार, १५ जानेवारी २०२४

ती. ताईस,
अमोलचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. माझ्या जागी येणारा इन्स्पेक्टर नोकरी सोडून आखातात गेला, त्यामुळे माझी पाळी संपली तरी मला सोडलेलं नाही. नमिताला फोनवर सांगितलं, तिने बरं म्हणून फोन बाबांच्या कानाला लावला. ती चिडली असती तर कमी लागलं असतं.

इथे काम तेच. काल धुतलेल्या कठड्यावर आज बोट फिरवलं की पुन्हा मीठ. गोड्या पाण्याने धुवायचं, खरवडायचं, रंग लावायचा, ग्रीस भरायचं, जाडी मोजायची. खोदायचे पाइप जमिनीत फिरून फिरून सांध्यांना झिजतात. परवा मी पाच पाइप बाद केले तर खोदकामवाले माझ्यावर चिडले, त्यांना वाटतं मी मुद्दाम काम अडवतो. बावीस वर्षं हे करतोय ताई. समुद्र एक दिवसही रजा घेत नाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. शुक्रवारी सकाळी इथे अपघात झाला. विहिरीवर जो उंच लोखंडी मनोरा असतो, डेरिक म्हणतात त्याला, त्याच्या वरच्या भागातला एक दिवा ब्रॅकेटसकट निखळून खाली आला. त्याला सुरक्षेची साखळी होती, पण तीही त्याच ब्रॅकेटला अडकवलेली. मधल्या गजावर आपटून तो विठूच्या खांद्यावर पडला. आपला गडबचा विठू, काशीबाईचा नवरा. तो खाली पाइपांवरचं मीठ धूत होता. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण खांद्याचा चुरा झाला आहे. दोन तासांत हेलिकॉप्टरने मुंबईला नेला. स्ट्रेचरवर त्याने माझ्याकडे पाहिलं.

ब्रॅकेटचा तुकडा मी हातात घेतला. रंग पापुद्र्यासारखा सुटून येत होता. रिगचे मॅनेजर म्हणतात रंगच हलका निघाला. विठू उभा राहायला नको तिथे उभा होता, असंही त्यांनी अहवालात लिहिलंय. रंग तुमच्या कारखान्याचा आहे. तुकडा तुमच्याकडे पाठवायचं चाललंय, तेव्हा तुझ्या कानावर येईलच. आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

बाबांना विठूचं सांगू नकोस. इथे झोप लागते, पण उठल्यावर झोपलो होतो असं वाटत नाही.

बाबांच्या पाया पडतो. मला मनातून काढू नये, ही विनंती.
अमोल


अष्टमी, रोहा
रविवार, २८ जानेवारी २०२४

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या रविवारी लिहिलं नाही. लिहायला बसले होते, पण आधी तुकडा येऊ दे म्हटलं. बुधवारी आला, सोबत तुमच्या कंपनीचं पत्र. रंग निकृष्ट असल्याने अपघात झाला, असं स्पष्ट लिहिलं आहे. आमचे मालक दामोदर साहेब पत्र घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले. हे खरं ठरलं तर समुद्रावरच्या कामाचा रंग आमच्याकडून कोणी घेणार नाही, आणि आमच्याकडे दुसरं काम नाही. पस्तीस माणसं आहेत, त्यातल्या निम्म्या बायका.

त्यांनी तुकडा माझ्याच हातात दिला, प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी मी. मी त्यांना सांगितलं की माझा सख्खा भाऊ त्या रिगवर रंगकामाचा इन्स्पेक्टर आहे, दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "सगुणाबाई, तुम्हाला जे दिसेल ते लिहा. मला दुसरं काही नको." असं बोलल्यावर माणसाला पळता येत नाही.

मी पापुद्रा आडवा कापला आणि भिंगाखाली धरला. आमच्या रंगाचे तिन्ही थर नीट आहेत, जाडी बरोबर आहे, एकमेकांना घट्ट धरून आहेत. पण त्यांच्याखाली लोखंड नाहीच, गंज आहे. एका थरावर एक, खारी बिस्किटाच्या पदरांसारखा. त्यात मीठही सापडलं. म्हणजे रंग लोखंडाला लावलाच नव्हता, गंजाला लावला. गंज सुटला आणि रंगाला घेऊन गेला. याच मालाचा नमुना गणपतीनंतर सहा आठवडे माझ्या पेटीत होता, मी स्वतः रोज पाहिला. त्याला काही झालेलं नाही.

कंपनीच्या पत्राला नोव्हेंबरच्या कामाचा फॉर्म जोडला आहे. पृष्ठभाग चकचकीत धातूपर्यंत साफ केला, जवळून हात लावून तपासला, असं त्यावर छापलंय. खाली सही तुझी आहे. तुझा अ मी कुठेही ओळखीन, तुला पाटीवर मीच गिरवायला लावला होता.

मी अजून काही लिहिलेलं नाही. तू मला एवढंच सांग. वर चढला होतास का?

नमिताला यातलं काही माहीत नाही. गुडघा कसा आहे?

उत्तराची वाट बघते. राग नाही, पण काळजाला घोर आहे.
ताई


रिगवरून
सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
अमोलचा सा. न. वि. वि.

नाही. चढलो नव्हतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाहेरचे तपासनीस यायचे होते. मनोऱ्यावर बासष्ट दिवे आहेत. खालचे आणि मधल्या मजल्यापर्यंतचे मी हात लावून पाहिले, देवाशप्पथ पाहिले. तिथून पुढे सरळ शिडी आहे. दोन पायऱ्या चढलो आणि गुडघ्यातून अशी कळ आली की हात सुटतो की काय वाटलं. वारा होता. खाली उतरलो, दुर्बीण घेतली आणि डेकवरून बघितलं. रंग दिसत होता. दुर्बिणीतून रंगच दिसतो.

वरचं काम विठूकडे होतं. दोर बांधून तो लटकत होता. त्याने वॉकीटॉकीवर मला विचारलं, "अमोलशेठ, खाली पोपडा हाय. खरवडू काय?" खरवडायचं म्हणजे प्रत्येक ब्रॅकेटला अर्धा दिवस, आणि तपासनीस दुसऱ्या दिवशी येणार होते. मी म्हटलं, आता लाव, फेब्रुवारीत नीट करू. त्याने लावला. मी सही केली.

तेव्हा मला काही वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट. जेवायला गेलो. बावीस वर्षांत अशी सही कधी केली नव्हती, म्हणून वाटलं एकदा चालेल.

विठूला दवाखान्यात चौकशीवाल्यांनी विचारलं, काम कोणाच्या सांगण्यावरून केलंस? तो म्हणाला आठवत नाही. हे मला इथल्या नर्सने सांगितलं. माझ्यासाठी तो गप्प बसला आहे आणि इथे अहवालात त्याचीच चूक लिहिली जातेय.

ताई, मी थकलोय. खोटं का बोललो त्याचं हे कारण होत नाही, पण खरं तेच आहे. माझं सर्टिफिकेट गेलं तर पंचेचाळीसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? तुझ्या अहवालात 'निश्चित कारण सांगता येत नाही' एवढं लिहिता आलं तर बघ. त्याने तुमचा रंगही आरोपातून सुटेल आणि मीही. लिहीच असं म्हणत नाही. बघ म्हणतो.

हे वाचून फाडून टाक. माझ्यावर रागव, पण तोंड फिरवू नकोस.
अमोल


गडब
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

चि. अमोल यास,
ताईचे आशीर्वाद.

रघूने काल पत्र दिलं. वाचून मी स्वयंपाक केला, भांडी घासली, मग परत वाचलं. फाडलेलं नाही.

आज सकाळी इथे आले ती आधी विठूकडे गेले. चार दिवसांपूर्वी त्याला घरी आणलंय. खांद्यात पट्टी आणि स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणाले उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही, दोरावर लटकायचं काम संपलं. काशीबाईने मला बसायला पाट दिला आणि स्वतः चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी विठूला सांगितलं की अमोलने मला सगळं लिहिलंय. त्याने डाव्या हाताने पाठीमागची उशी सरकवली. मग म्हणाला, "मी नाव नाय घेतलं गो त्याचं. पण इचारलं व्हतं मी, खरवडू काय म्हणून." एवढंच. तू वर्गणी काढून त्याच्या पोरीच्या लग्नात मंडपाला उभा होतास, म्हणून तो तुझं नाव घेत नाही. हे तो बोलला नाही, काशीबाई बोलली, चुलीकडे बघतच.

मग घरी येऊन मी नमिताला सांगितलं. तिने पत्र वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ते नोव्हेंबरात घरी आले तेव्हा शिडीला हात लावत नव्हते, माळ्यावरचा डबा मीच काढायचे, मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती तुझ्यावर चिडली नाही. स्वतःवर चिडली, त्याचं काय करायचं ते तू बघ.

बाबांना सांगू नकोस म्हणाला होतास, पण आमचे चेहरे बघून ते विचारत राहिले. शेवटी कानाशी ओरडले. सगळं कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "वर गेला नाय?" मी म्हटलं नाही. मग म्हणाले, "मंग सही कशाला केली?"

आता माझं. तुझ्या म्हणण्यासारखं लिहायचा मी विचार केला, नाही असं सांगत नाही. कालची अख्खी रात्र केला. पण मला काय दिसलं ते मला माहीत आहे, आणि 'सांगता येत नाही' लिहिलं तर वर उरलेल्या ब्रॅकेटांकडे कोणी बघणार नाही. अमोल, तू विठूचं लिहिलंस, माझं लिहिलंस, स्वतःचं लिहिलंस. वर अजून काय काय तसंच रंगवलेलं आहे, आणि त्याखाली उद्या सकाळी कोण उभं राहणार, हे तू चार पानांत कुठेच लिहिलं नाहीस. ते वाचून मी घाबरले.

अहवाल दिसलं तसा लिहून आज पहाटे निघताना दामोदर साहेबांच्या घरी दिला आहे. त्यांना एकच मागितलं, गुरुवारपर्यंत पाठवू नका. का ते त्यांनी विचारलं नाही. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. म्हणजे तुझ्याकडे बुधवार आहे. माझ्या कागदाच्या आधी तुझा जाऊ दे.

यानंतर तू मला पत्र लिहिणार नसशील तरी मी लिहीन.
ताई


रिगवरून
सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
अमोलचा सा. न. वि. वि.

मंगळवारी पत्र वाचलं तेव्हा अकरा वाजले होते. बाराच्या आत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. बुधवारपर्यंत थांबलो असतो तर गेलो नसतो.

उभ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, चौकशी संपत आली आहे, आता हे कशाला उकरतोस. म्हणाले, तू आजारी आहेस, घरी जा, विश्रांती घे. चांगल्या मनाने म्हणत असतील. मी म्हटलं, मनोऱ्याखालची माणसं आधी बाजूला घ्या, बाकी मग बोलू. त्यांनी घेतली नाहीत. मग मी बाहेर येऊन स्वतःच काम थांबवायची घंटा वाजवली. तो अधिकार इथे सगळ्यांना आहे, झाडूवाल्यालासुद्धा. बावीस वर्षांत मी तो वापरला नव्हता.

खोदकाम थांबलं. वर दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण ज्यावर सही माझी होती ते मलाच बघायचं होतं. गुडघ्याला पट्टा बांधला, दोन दोर लावले आणि चढलो. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, म्हाताऱ्यासारखा. वर पोचायला पाऊण तास लागला. खाली सगळे बघत होते. हातोडीने हलकं टोकलं की चांगलं लोखंड वाजतं आणि सडलेलं नुसतं धप करतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून वरचे सगळे दिवे पाहिले. अकरा ब्रॅकेट धप्प बोलले. एक माझ्या हातातच तुटला. तो जिथे होता त्याच्या सरळ खाली खोदकाम करणाऱ्यांची केबिन आहे, तिथे कायम तीन माणसं बसतात.

तो तुकडा मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि खुर्ची पुढे केली. माझा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला. फॉर्म खोटा होता, विठूने विचारलं होतं, मी नको म्हटलं, आणि तो उभा होता ती जागा धुण्याच्या कामाचीच होती. बुधवारी तो जबाब गेला. विठूची चूक लिहिली होती ती अहवालातून काढली आहे, तसं मला लेखी दाखवलं.

मला कामावरून बाजूला केलंय. सर्टिफिकेट बहुतेक दोन वर्षं गोठवतील, नंतरचं नंतर. २७ तारखेच्या हेलिकॉप्टरने येतो. नमिताला सांग, स्टेशनवर येऊ नको, मी येईन चालत.

तुला आभार मानलेले आवडत नाहीत, म्हणून मानत नाही. घरात जागा ठेवा.
अमोल


गडब
रविवार, १० मार्च २०२४

ती. ताईस,
अमोलचा सा. न. वि. वि.

तू या रविवारी आली नाहीस. कारखान्यात नमुने उतरवायचे होते, असं नमिता म्हणाली. दामोदर साहेबांच्या मालावरचा ठपका गेला, हेही तिच्याकडून कळलं. तू असतीस तरी हे मला तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहून पोस्टात टाकतो.

आल्यापासून बाबांना उठवायचं काम माझ्याकडे आहे. नमिता दुपारी दोन तास झोपते. काल जेवताना तिने मला स्वतःहून भात वाढला.

विठूकडे जायला दहा दिवस लागले. रोज हायवेपर्यंत जाऊन परत यायचो. काल गेलो. काशीबाईने दार उघडलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. विठू खाटेवर बसला होता. मी खाली बसलो. एवढंच म्हणालो की तू विचारलं होतंस, मी ऐकायला हवं होतं.

त्याने विचारलं, "किती निघाले?" मी म्हटलं अकरा. तो म्हणाला, "मला वाटलंच व्हतं, धा-बारा असतील." मी उठायला लागलो तेव्हा म्हणाला त्याला पेणला ड्रेसिंगला जायचंय आणि काशीबाई म्हशीकडे गेली आहे. खुंटीवरचा सदरा त्याने डाव्या हाताने काढून माझ्यापुढे धरला. मी आधी दुखऱ्या हाताची बाही चढवली, मग दुसरी, आणि खाली वाकून बटणं लावली. तो माझ्याकडे न बघता समोर रस्त्याकडे बघत होता. वरचं बटण लावताना त्याची मान थोडी वर झाली, मला लावता यावं म्हणून.

मग आम्ही दोघं एसटीच्या थांब्यावर गेलो. मी त्याच्याबरोबर पेणला जाऊन आलो. पुढच्या शनिवारीही जायचं आहे.

तब्येतीला जप. पुढच्या रविवारी ये, तेव्हा माझ्याशी बोल.
तुझा,
अमोल